झिंक ऑक्साइडच्या दांड्या उभ्या येईनात, फुलंच होतात

प्रश्न: एफटीओ काचेवर (फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा वीजवाहक थर असलेली काच) झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म षटकोनी दांड्या उभ्या हव्यात. झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट आणि एचएमटीए (हेक्झामेथिलीनटेट्रामाइन, तापल्यावर हळूहळू अमोनिया सोडणारं), पाण्यात दोन्ही २५ मिलिमोलर (लिटरमागे मोलचे हजारावे भाग), ओव्हन ९०° से., ४ तास. काच थेट तळाशी आडवी ठेवली. तळाला पांढरा गाळ आणि काचेवर फुलांसारखे गुच्छ येतात. चुकतंय कुठे?

स्फटिकवेडा: बीजथर (दांड्या जिथून उगवतात तो झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांचा थर) दिलाच नाहीत का? मग दांडी उगवणार कशावर! ५० मिली इथेनॉलमध्ये ५५ मिग्रॅ झिंक ॲसिटेट डायहायड्रेट घ्या (५ मिलिमोलर). काचेवर थेंब टाका, १० सेकंदांनी स्वच्छ इथेनॉलने धुवा, वाळवा. असं चार-पाच वेळा. मग ३५०° वर २० मिनिटं. ही सगळी फेरी पुन्हा एकदा. एफटीओ हे तापमान सहज सोसतो. आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइडचा थर) असता तर हवेत तापवल्यावर त्याचा रोध वाढला असता.

भट्टीवाला: बीजथर हवाच, पण काच उताणी ठेवलीत हेही नडलं. गाळ द्रावणातच तयार होतो आणि खाली बसतो. ती फुलं बहुतेक वरून पडलेली आहेत. काच बाटलीला तिरकी टेकवा, बीजथराची बाजू खाली. पाणी आधी उकळून गार केलेलं घ्या, नाहीतर खालच्या बाजूला बुडबुडे अडकतात आणि तिथे गोल टकलं पडतात. १०० मिलीला नायट्रेट ०.७४ ग्रॅम, एचएमटीए ०.३५ ग्रॅम. बाटली पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, आत अमोनिया आणि फॉर्मल्डिहाइड असतं.

प्रश्नकर्ता: दांड्या आणखी लांब हव्या असतील तर ८ तास ठेवू?

भट्टीवाला: नुसता वेळ वाढवून फार फरक पडत नाही. गाळातच बरंचसं झिंक संपलेलं असतं. दर अडीच-तीन तासांनी ताजं द्रावण घाला.

स्फटिकवेडा: बारीक आणि लांब हव्यात तर द्रावणात थोडं पॉलिएथिलीनइमाइन (एक बहुवारिक) घाला. ते दांडीच्या बाजूच्या पृष्ठांना चिकटून जाडी रोखतं. सायट्रेटचं उलट: ते टोकाच्या (०००१) पृष्ठावर बसतं, उंची खुंटते आणि चपट्या चकत्या मिळतात. तेव्हा सायट्रेट वापरलेलं चंबू नीट धुऊन घ्या. शेवटी एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचा आलेख) काढा: ३४.४° ची (००२) शिखा, म्हणजे दांडीच्या लांबीला काटकोनात असलेल्या स्फटिक-पातळ्यांची, बाकीच्यांपेक्षा खूप उंच दिसली की दांड्या उभ्या आहेत.