मदत हवी आहे: गोळी एकच, मग माझं ड जीवनसत्त्व का वाढत नाही?

मी आणि माझी धाकटी बहीण, दोघींनी तीन महिने डी३ची रोज २००० युनिटची एकच गोळी घेतली. सुरुवातीला रक्ततपासणीत तिची पातळी ११ होती, माझी १२. आता ती ३४ वर आणि मी जेमतेम १९! एकही दिवस चुकवला नाही हो, उलट विसरभोळी तीच आहे.

थोडं वाचलं. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, त्यामुळे रिकाम्या पोटी घेतलं तर कमी शोषलं जातं. मी नेमकी सकाळी उठल्याउठल्या पाण्याबरोबर घ्यायची, ती जेवणानंतर. शिवाय माझं वजन तिच्यापेक्षा बावीस किलो जास्त. वजन जास्त असेल तर तेवढ्याच मात्रेने रक्तातली पातळी कमी वाढते म्हणे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या 'व्हायटल' या ड जीवनसत्त्वावरच्या मोठ्या चाचणीच्या विश्लेषणातही, रोज २००० युनिट घेणाऱ्यांत हेच दिसलं होतं.

शिवाय यकृतात त्याचं २५-हायड्रॉक्सी रूप (रक्ततपासणीत मोजतात ते) करणारं एन्झाइम आणि रक्तातून ते वाहून नेणारं प्रथिन, दोन्हींची जनुकं माणसागणिक थोडी वेगळी असतात. पण सख्ख्या बहिणींत इतका फरक?

कुणाला असा अनुभव आहे का? नुसती जेवणाची वेळ बदलून आकडा वाढला का? सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) किंवा मॅग्नेशियमची तपासणी कुणाला सांगितली होती का? फिटच्या काही गोळ्यांनीही पातळी उतरते, पण मी त्या घेत नाही. मनाने डोस वाढवणार नाही, जास्त झालं तर कॅल्शियम चढतं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय, काय काय विचारू?