दुखत नसताना दात दाखवायला गेलात? त्या दिवसाचं लिहा

दाढ ठणकायला लागल्यावर सगळेच धावतात. आधी लवंग, मग गोळी, मग रात्रभर येरझाऱ्या. ते अनुभव नकोत. काहीच दुखत नव्हतं, कामांच्या यादीत दळण आणि वीजबिलाच्या मध्ये 'दात दाखवणे' एवढंच लिहिलं होतं, असे दिवस हवेत. घरात कुत्रं-मांजर असेल तर तेही येऊ द्या. सातारा-सांगलीकडच्यांनी जरूर लिहा. माझ्यापासून सुरुवात करतो.

गोडोली, सातारा
सकाळी कुत्र्याची रेबीजची वर्षाची सुई होती. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई देता देता त्याचा ओठ वर केला आणि मागच्या दाढांवरचं पिवळं-तपकिरी कीटण दाखवलं. "याला तोंडाचा वास येतो ना?" येतो. आम्हाला वाटायचं, कुत्र्यांना येतोच. मी विचारलं, आमची पेस्ट लावून घासू का? तर अजिबात नाही म्हणाले. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं, आणि माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विषारी. त्यांची पेस्ट वेगळी मिळते. साचलेलं कीटण काढायचं तर भूल द्यावी लागते.
त्याला घरी सोडून राजपथावर आलो. गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ गेला, त्याहून कमी वेळ डॉक्टरांच्या खुर्चीत गेला. आरशात त्यांनी माझ्या खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दाखवली. तसंच पिवळं. कुत्र्याला ४२ दात, मला ३२, एवढाच काय तो फरक! येताना मोती चौकातून कंदी पेढे घेतले. डॉक्टरांना सांगू नका.

विश्रामबाग, सांगली
आमचा बेदाण्याचा व्यापार, त्यामुळे घरात डबे उघडेच. येता-जाता मूठभर तोंडात टाकायची सवय. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, सुकामेवा पौष्टिक असला तरी हा चिकट आणि गोड, दाढांच्या खाचांत बसून राहतो. दिवसभर चघळण्यापेक्षा जेवणासोबत खा आणि वर पाणी प्या. पटलं.
खरा धक्का संध्याकाळी बसला. लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला जंताचं औषध आणायला गेलो. डॉक्टरांनी पत्ता लिहिताना धंदा विचारला आणि पेनच खाली ठेवलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. एखादं कुत्रं बरंच खाऊन ठणठणीत राहतं, एखादं थोडक्यात जातं, म्हणून अमुक इतके चालतील असं सांगता येत नाही. खाल्ले तर उलट्यांची वाट बघत बसायचं नाही, लगेच आणायचं. तासगाव भागात बागेबागेत कुत्री आहेत, शेडवर बेदाणा वाळत असतो, आणि हे कुणी कधी बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. हरभट रोडची खरेदी राहिली, आधी झाकणाचे डबे घेतले.

कराड
मला दाखवायचं होतं, सासूबाई सोबतीला आल्या होत्या. मिशरी लावणाऱ्या. डॉक्टर पोरगेली होती, म्हणाली, "आज्जी, आलाच आहात तर बसा, नुसतं बघते." सासूबाई म्हणाल्या, "मिशरीनं दात घट्ट ऱ्हात्यात बाई, काय बघतीस." तिनं वाद घातला नाही. गाल आतून, जीभ उचलून खाली, हिरड्या, सगळं सावकाश बघितलं. मग म्हणाली, मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. पांढरा-लाल चट्टा दिसला, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर दुखत नसली तरी यायचं. सध्या तसं काही नव्हतं. मिशरी सुटलेली नाही. पण प्रीतिसंगमाच्या बागेत बसल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, "चट्टा कसा दिसतो गं?" मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

मिरज
क्लीनिंगनं दात हलतात, फटी पडतात, असं आमच्या गल्लीत ठाम मत आहे. मी करून आलो. फट आधीचीच असते, कीटणानं बुजलेली. थोडे दिवस गार पाणी झोंबलं. बाकी दिवस गॅसचं पासबुक शोधण्यात गेला, त्याबद्दल काय लिहायचं.

शाहूपुरी, सातारा
मुलगा सहा वर्षांचा. मागे नवीन दाढ आली होती. एकही दात न पडता आली म्हणून आम्ही तिला दुधाचीच धरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, ही कायमची, आता हिच्या जागी दुसरी येणार नाही, ब्रश तिथपर्यंत पोचू दे. पेस्ट वाटाण्याएवढीच.
पोराला वेगळीच काळजी. आमच्या बोक्याचे दुधाचे दात कुठे गेले? मांजरं बहुतेक दात खाताना गिळून टाकतात, हे ऐकल्यापासून तो स्वतःचा हलणारा दात हातात धरूनच जेवतो.

शंभर फुटी रोड, सांगली
ज्येष्ठांसाठी एकच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जाताना चिठ्ठी न्या आणि आधी सांगा. मनानं गोळी बंद करून जाऊ नका, तसं करणारे आमच्या कट्ट्यावर आहेत. शुगरवाल्यांनी हिरड्या आवर्जून दाखवाव्यात, दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात. माझ्याकडे कुत्रं नाही, शेजारचं आहे आणि ते भुंकतं. त्याचे दात उत्तम आहेत, मी जवळून पाहिलेत.