शब्दचर्चा: 'व्यवसायोपचार' म्हणजे नेमका कोणता व्यवसाय?

धंतोलीकर
मामांना दिवाळीआधी लकवा मारला, उजवी बाजू गेली. सुटी देताना दवाखान्यानं दिलेल्या कागदावर तीन ओळी होत्या: भौतिकोपचार, व्यवसायोपचार, वाचा उपचार. मामी म्हणाली, "यांना रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, आता कोणता व्यवसाय शिकवता बाप्पा?" बोलणं तर मामांचं शाबूत होतं, म्हणून तिसरी ओळही सोडली. पंधरा दिवस नुसता भौतिकोपचार, म्हणजे फिजिओ, चालू होता. हा शब्द बरोबर आहे का? दुसरा काही आहे?

बर्डीवाला
शब्द सरकारी आहे. राज्याच्या परिषदेच्या नावातच 'व्यवसायोपचार व भौतिकोपचार' अशी जोडी आहे. इंग्रजीत याला 'ऑक्युपेशनल थेरपी' म्हणतात, गडबड त्यातल्या 'ऑक्युपेशन'च्या भाषांतरात झाली. तिथं ऑक्युपेशन म्हणजे नोकरी नव्हे. माणसाचा दिवस ज्या ज्या कामात जातो ते सगळं त्यात आलं, दात घासण्यापासून देवपूजेपर्यंत. संस्कृतात व्यवसाय म्हणजे यत्न, निश्चय. गीतेतली 'व्यवसायात्मिका बुद्धी' काही दुकानदारीची बुद्धी नव्हे. त्या अर्थानं शब्द झकास बसतो, पण आज व्यवसाय म्हटलं की पगारातून कापला जाणारा व्यवसाय करच आठवतो, त्याला काय करणार!

जाता जाता: मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 साली कमला निंबकर यांनी याचं शिक्षण सुरू केलं. आपल्या नागपूरच्या मेडिकललाही हा अभ्यासक्रम आहे.

ओटीवाली
मी हेच काम करते. पेशंट मला 'व्यायामवाल्या मॅडम' म्हणतात. ऑक्युपेशनल थेरपीचं 'ओटी' म्हणावं तर नातेवाईक ऑपरेशन थिएटरच्या दारात जाऊन उभे राहतात. एका आजींना तर खणा-नारळाची ओटी वाटली होती.

फरक असा. फिजिओ हातापायांत ताकद आणतो, तोल सांभाळायला आणि चालायला शिकवतो. त्या हातानं भाकर कशी मोडायची, एका हातानं गुंडी कशी लावायची, हे माझ्याकडे. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना तोच शेवटी काढायचा. एवढं कळलं तरी घरातली रोजची ओढाताण थांबते. बोटं मिटत नसतील तर चमच्याच्या दांड्याला फोम गुंडाळून तो जाड करून देते. संडासात दांडी कुठे ठोकायची तेही घरी येऊन बघते.

आणि धंतोलीकर, तिसरी ओळ सोडायला नको होती. लकव्यानंतर गिळणंही वाचा उपचारवालेच तपासतात. घट्ट वरण उतरतं आणि साध्या पाण्यानं ठसका लागतो, असं पुष्कळदा होतं. ते पाणी श्वासनळीत गेलं तर न्यूमोनियाची भीती.

धंतोलीकर
ठसका लागतो! आम्ही म्हणत होतो, घाईनं पितात. उद्याच नेतो.

भंडारेकर
मला तर दवाखान्यात या उपचारांच्या दारावरची 'पुनर्वसन विभाग' ही पाटीच खटकते. आमच्याकडे पुनर्वसन म्हणजे गोसेखुर्द. धरणात गाव गेलं, दुसरीकडे प्लॉट मिळाला, ते पुनर्वसन. वस् म्हणजे राहणं. लकवा झालेला माणूस कुठे उठून गेला?

बर्डीवाला
स्वतःच्याच घरात परका झालेला असतो की. मला तो शब्द चालतो. व्यवसायोपचाराला मात्र 'नित्यकर्मोपचार' सुचवतो.

भंडारेकर
नित्यकर्म म्हटलं की लोकांना फक्त सकाळचा डबा आठवेल.

ओटीवाली
शिवाय माझ्याकडे पेन्सिल धरता न येणारी शाळेतली पोरं असतात, मशीनमध्ये बोटं गेलेला कामगार असतो. त्याला तर परत कामावरच जायचं असतं, म्हणजे तिथं तुमचा व्यवसायही आलाच. 'कृती उपचार' म्हणा हवं तर.

धंतोलीकर
आठ दिवसांनी लिहितोय. पाणी आता घट्टसर करून, हनुवटी खाली घेऊन पाजतो, तसं वाचा उपचारवाल्यांनीच दाखवलं. काल मामांनी जाड दांड्याच्या चमच्यानं स्वतः पोहे खाल्ले, निम्मे सांडले. 'कृती उपचार' मामीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "चमच्यावाल्या मॅडमकडे किती वाजता जायचंय तेवढं सांग."