२६ सीसी कॅटमरान: पाण्यात पाइप 'लागत' नाही आणि सरळ धावेत आवाज पातळ होतो

कॅट_२६

नमस्कार मंडळी. बोट १२२० मि.मी. लांबीची फायबरची रेडिओ-कंट्रोल मॉडेल कॅटमरान (दोन सोंडांची बोट) आहे. मधोमध एकच इंजिन: झेनोआ जी२६०पीयूएम, वॉलब्रो डब्ल्यूटी कार्ब (कार्ब्युरेटर), स्टेनलेसचा ट्यून्ड पाइप (लांबी इंजिनाच्या वेगाशी जुळवलेला एक्झॉस्ट), पाव इंची फ्लेक्स शाफ्ट (वाकणारी केबल), ऑक्टुराचा एक्स४७० प्रॉप (पाण्यातला पंखा). बोट मुंबईहून सेकंडहँड आली आहे, सुया (कार्बमधलं पेट्रोल कमी-जास्त करणारे स्क्रू) तिथल्याच सेटिंगवर आहेत: एल (कमी थ्रॉटलची) सव्वा फेरा, एच (फुल थ्रॉटलची) दीड फेरा.

अडचणी दोन.

१. स्टँडवर थ्रॉटल दिला की इंजिन सुरेख किंचाळतं. पाण्यात मात्र बोट प्लेनवर येते (पाण्यावर उचलून सरकू लागते) आणि तिथेच रेंगाळते. लाटेवर प्रॉप क्षणभर सुटला की आवाज एकदम चढतो, प्रॉप पुन्हा पाण्यात बसला की पडतो.

२. फुल थ्रॉटलवर ३०-४० सेकंदांनी आवाज पातळ होतो आणि वेग घटतो. थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की थोडा वेळ ठीक.

हेडरच्या (पाइप इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) फ्लँजपासून पाइपच्या फुगीर भागाच्या शेवटापर्यंत ३४० मि.मी. भरतात. डिग्री व्हीलने मोजलं तर एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरचं धूर बाहेर सोडणारं तोंड) दर फेऱ्याला १५८ अंश उघडा राहतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, हवा विरळ, म्हणून एच सुई थोडी आवळावी, म्हणजे पेट्रोल कमी करावं, असं वाटतंय. आवळू का?

---

जेटपाइप

सुईला हात लावू नका. आधी पाइपचं गणित करू, कारण पहिली अडचण तिथेच दिसते.

पोर्ट उघडला की दाबाची लाट पाइपमध्ये जाते, मागच्या शंकूवर आपटून परत येते आणि पोर्ट बंद व्हायच्या बेतात असताना सिलिंडरबाहेर निसटलेलं ताजं मिश्रण आत ढकलते. ती वेळेवर पोचली तर पाइप 'लागला'. गरम एक्झॉस्टमधला लाटेचा वेग ५१८ मीटर प्रति सेकंद धरला, की सूत्र सुटसुटीत होतं:

लांबी (मि.मी.) = ४३,२०० × पोर्टचे अंश ÷ आरपीएम

पण ही लांबी पिस्टनच्या तोंडापासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंतची. तुमचे ३४० फ्लँजपासून फुगीर भागापर्यंतचे आहेत. त्यात पोर्टच्या बोगद्याचे साधारण ३० मि.मी. आणि शंकूची निम्मी लांबी मिळवा. शंकू ८० चा असेल तर ४० मिळून एकूण ४१० झाले. ४३,२०० × १५८ ÷ ४१० म्हणजे सुमारे १६,६०० आरपीएम. तुमचा पाइप तिथे लागणार.

आता एक्स४७० लावून इंजिन पाण्यात किती फिरतंय ते मोजा. टॅकोमीटर नको, मोबाइल पुरे. बोट काठाला समांतर, फुल थ्रॉटलवर तुमच्या समोरून जाऊ द्या आणि आवाज रेकॉर्ड करा. कोणत्याही स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये येतानाची आणि जातानाची मूळ वारंवारता वाचा. बोट जवळपास सरळ तुमच्याकडे येताना आणि सरळ लांब जाताना घ्या, बाजूने जातानाचा आकडा नको. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला एकदा पेटतं, म्हणून हर्ट्‌झ × ६० = आरपीएम. फक्त येताना स्वर चढा लागतो आणि जाताना उतरतो, म्हणून एकच आकडा घेऊ नका:

खरी वारंवारता = २ × येताना × जाताना ÷ (येताना + जाताना)

बोटीचा वेगही फुकटात मिळतो: ३४६ × (येताना − जाताना) ÷ (येताना + जाताना), मीटर प्रति सेकंदात (३४६ हा हवेतला आवाजाचा वेग).

आणि स्टँडवर फुल थ्रॉटल कृपया बंद करा. बोजा नसताना इंजिन वाटेल तितकं चढतं, थंड पाणी नसतं आणि आधी कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जातं. शिवाय त्या आवाजावरून पाण्यातलं काहीच कळत नाही.

---

भोसरीटर्नर

वरच्या गणिताशी सहमत, पण दुसरी अडचण पाइपची नाही. ३०-४० सेकंदांनी पातळ होणं आणि थ्रॉटल सोडल्यावर सावरणं म्हणजे पेट्रोल पोचत नाहीये. या क्रमाने बघा:

टाकीचा व्हेंट. आत निर्वात तयार झाला की कार्बचा पंप खेचू शकत नाही. व्हेंटची नळी काढून एक फेरी मारा. फरक पडला तर तिथेच सापडलं.

टाकीतला फेल्ट क्लंक (नळीच्या टोकाचं, पेट्रोल ओढणारं वजन) आणि त्याची नळी. जुनी नळी कडक होते, क्लंक मग वळणावर पेट्रोलमागे जात नाही आणि हवा ओढतो. आता पेट्रोल पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि साध्या रबराला इथेनॉल मानवत नाही. पिवळी टायगॉन नळी घाला. नळी बोटाने चिमटून बघा, सोडल्यावर लगेच गोल होत नसेल तर फेकून द्या.

कार्बचे पडदे. डब्ल्यूटीमध्ये दोन असतात: पंपाचा आणि मीटरिंगचा. पंपाचा पडदा क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो. कडक झाला की आयडलला चालतो आणि फुलला कमी पडतो, अगदी तुमच्यासारखा. ही कार्ब ब्रश कटरला आणि चेनसॉलाही असते, त्यामुळे शेती अवजारांच्या दुकानात 'वॉलब्रो डब्ल्यूटीचं किट' म्हणून विचारा. जुना पडदा बरोबर न्या, कारण डब्ल्यूटीतही प्रकार आहेत. आतला छोटा लिव्हर गेज असल्याशिवाय वाकवू नका.

हवेची गळती. इन्सुलेटर ब्लॉकचं गॅस्केट नाहीतर क्रँक सील. तपासायला बीपी मशीनचा फुगा आणि काटा घ्या, त्याहून स्वस्त साधन नाही. कार्ब काढा, इनटेकवर नळीचा निपल बसवलेली पट्टी आणि एक्झॉस्टवर रबर-पत्रा बोल्टने दाबा, प्लग लावून ठेवा. काटा ३०० वर न्या, म्हणजे सुमारे ०.४ बार. मिनिटभर काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी. सील जोडीने बदला.

उंचीबद्दल: पुण्यात हवा सुमारे ६ टक्के विरळ, त्यामुळे तीच सुई अंदाजे ३ टक्के रिच (पेट्रोल जास्त) होते. पण बोट ई१० वर लावली असेल आणि आता ई२० घालत असाल, तर तीच सुई जवळपास ४ टक्के लीन (पेट्रोल कमी) होते. दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. सुई आवळायला हे कारण पुरत नाही, आणि तुमचं इंजिन फुलला आधीच पातळ होतंय. आवळाल तर पिस्टनवर ओरखडे आणाल.

---

कॅट_२६

धन्यवाद. नळी खरंच कडक होती, क्लंक टाकीच्या भिंतीला चिकटून उभा होता. नळी, क्लंक, दोन्ही पडदे बदलले. गळती नाही, काटा ३०० वर मिनिटभर थांबला. आवाज पातळ होणं जवळपास गेलं, पण पूर्ण नाही.

रेकॉर्डिंग: येताना २३२ हर्ट्‌झ, जाताना २१०.

---

जेटपाइप

२ × २३२ × २१० ÷ ४४२ = २२०.४ हर्ट्‌झ, म्हणजे १३,२०० आरपीएम. वेग १७.२ मीटर प्रति सेकंद, ताशी ६२ किमी. एक्स४७० चा व्यास ७० मि.मी., पिच त्याच्या १.४ पट म्हणजे ९८. तेवढ्या फेऱ्यांना घसरण नसती तर बोट सेकंदाला २१.६ मीटर जायला हवी होती. घसरण २० टक्के, पाण्याला अर्धवट टेकणाऱ्या प्रॉपला ठीकच.

तर दुखणं असं: पाइप १६,६०० ला बोलावतोय आणि प्रॉप इंजिनाला १३,२०० च्या वर जाऊच देत नाही. लाटेवर प्रॉप सुटतो तेव्हा इंजिन पाइपपर्यंत पोचतं, म्हणून तो एकदम चढलेला आवाज.

पाइप १३,२०० पर्यंत लांबवायचा तर ५१७ मि.मी. लागेल, ते बोटीत बसायचं नाही आणि इंजिनाचाही अपमान. दोन्हीकडून जवळ या. एकाच घराण्यातल्या प्रॉपचा बोजा व्यासाच्या पाचव्या घातावर जातो. एक्स४६७ लावला तर (६७÷७०) चा पाचवा घात, सुमारे ०.८०. बोजा २० टक्के कमी, म्हणजे त्याच ताकदीवर इंजिन साडेसात टक्के वर, १४,२०० च्या आसपास. पाइप ४१० वरून ४४० करा: तो १५,५०० ला येतो. मधलं अंतर इंजिन स्वतः ओलांडतं, कारण पाइप जवळ आला की ताकद वाढते.

---

सिंहगडरोड

प्रॉप बदलण्याआधी स्ट्रटची (शाफ्टचं मागचं टोक धरणाऱ्या आधाराची) उंची बघा. कॅटमध्ये स्ट्रट २-३ मि.मी. खाली असला तरी प्रॉप जास्त बुडतो आणि एक्स४६७ सुद्धा एक्स४७० सारखा जड वाटतो. शाफ्टची मधली रेघ दोन्ही सोंडांच्या मागच्या तळाशी समपातळी ठेवून सुरुवात करा, नंतर एकेक मि.मी. वर. फार वर गेला तर सुरुवातीला बोट पाणी घुसळत जागच्या जागी बसते.

फ्लेक्स केबल बोजाखाली पिळते आणि आखूड होते, म्हणून स्ट्रट आणि प्रॉपच्या ड्राइव्ह डॉगमध्ये (प्रॉपला शाफ्टबरोबर फिरवणाऱ्या तुकड्यात) ३-४ मि.मी. फट सोडा. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो आणि तुम्ही दोष कार्बला देत बसता.

---

भोसरीटर्नर

@जेटपाइप, ३० मि.मी. लांबी सिलिकॉनच्या जोडनळीतून काढू नये, हे लिहायचं राहिलं. धातूची दोन टोकं आत २-३ मि.मी. पेक्षा जास्त दूर राहिली की ज्वाळा थेट सिलिकॉनवर येते आणि दोन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत नळी करपते. हेडरच्याच आतल्या व्यासाचा स्टेनलेस तुकडा टिग वेल्डिंगने जोडून घ्या. भोसरी-चिंचवडला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे होईल, फक्त वेल्डचा आतला मणी घासून सपाट करायला सांगा. ३० ऐवजी ३५ वाढवा. लांब पाइप ३-३ मि.मी. कापत आणता येतो, कापलेला जोडत बसावं लागतं.

राहिलेल्या पातळपणासाठी हुड (इंजिनावरचं झाकण) बघा. वरून टेप लावून पूर्ण बंद करता का? २५.४ सीसीचं इंजिन १५,००० ला मिनिटाला सुमारे ३८० लिटर हवा मागतं. फट नसेल तर ते आतलीच तापलेली हवा पुन्हा ओढतं. कार्बच्या बाजूला, पाणी उडणार नाही अशा जागी, निदान दोन बोटं रुंद तोंड हवं. आणि पाइप हुडाखाली असेल तर गरम हवा बाहेर जायला मागेही एक.

---

कॅट_२६

हुड पूर्ण बंद होता. समोर आणि मागे तोंडं कापली. हेडर ३५ ने वाढवला, एक्स४६७, स्ट्रट २ मि.मी. वर. येताना २७० हर्ट्‌झ, जाताना २३८. आता बोट स्वतःहून पाइपवर चढते. सुया आता लावू का?

---

जेटपाइप

२५३ हर्ट्‌झ, १५,२०० आरपीएम, ताशी ७८ च्या आसपास. छान. ४४५ च्या पाइपला गणिताने १५,३०० येतात, तेव्हा कापायची घाई नको.

हो, आता सुया. आधी एल, कारण तिचं पेट्रोल फुल थ्रॉटललाही जातं. इंजिन गरम झाल्यावर थ्रॉटल झटक्यात द्या. इंजिन गुदमरून बसलं तर एल लीन, अष्टमांश फेरा सैल करा. भरभरत, धूर टाकत चढलं तर तेवढीच आवळा. नंतर एच: पाव फेरा सैल करून सुरू करा, आवाज अडखळता, जाड येईल. मग सोळांश फेऱ्याने आवळत जा. अडखळणं सरळ धावेच्या शेवटी जेमतेम थांबलं की तिथून सोळांश परत सैल. काठावरून सर्वात गोड वाटणारा आवाज बहुतेक वेळा लीन असतो.

प्लग एनजीके सीएमआर७एच, फट ०.६ ते ०.७ मि.मी. मधला आर म्हणजे रेझिस्टर, तो नसलेला प्लग लावाल तर रिसीव्हर बडबडेल. प्लग वाचायचा तर फुल थ्रॉटलवरच किल स्विचने इंजिन बंद करा. आयडलवर परत आणलेल्या प्लगचा रंग खोटा. पांढुरका दिसला तर लगेच सैल.

तेल २५:१, लिटरला ४० मि.लि. तेल वाढवलं की पेट्रोलचा वाटा घटतो, मिश्रण किंचित लीन होतं. तेल बदललं तर एच पुन्हा तपासा.

---

सिंहगडरोड

रोज संपल्यावर टाकी रिकामी करून कार्बमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. ई२० पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात दोन महिने तसंच ठेवलं तर नवे पडदेही जुने होतील. मात्र हे बोट पाण्यात असताना, आयडलला.

जागेचं म्हणाल तर खडकवासल्याचं पाणी पुणं पितं, तिथे पेट्रोल इंजिन नेऊ नका. पाषाण तलावावर पक्षी. शेततळं बहुतेकदा तीसेक मीटरचं, ताशी ७८ ने दीड सेकंदात संपेल. परवानगी असलेली दगडखाणीची मोठी खाच बघा, आणि फेलसेफला (सिग्नल तुटला की आपोआप होणाऱ्या कृतीला) इंजिन किल लावून सोडण्याआधी ट्रान्समीटर बंद करून एकदा तपासा. दगडाच्या काठावर कॅटची सोंड दुसऱ्यांदा मिळत नाही.