ऋण प्रबलन आणि शिक्षा यांत नेमका फरक कोणता?

प्रश्न (प्रथम वर्षाची विद्यार्थिनी): साधक अभिसंधानाचे (वर्तनाच्या परिणामांतून होणाऱ्या शिक्षणाचे) प्रकरण वाचताना मी एका ठिकाणी अडले आहे. उंदराने तरफ दाबली की पायाखालच्या जाळीतून बसणारा विजेचा धक्का थांबतो, याला ऋण प्रबलन म्हणतात. परंतु धक्का बसणे ही तर शिक्षाच नव्हे का?

उत्तर 1: धक्क्याकडे नव्हे, तरफेकडे पाहावे. धक्का आधीपासून चालू असतो, तरफ दाबल्यावर तो थांबतो आणि म्हणून उंदीर पुढच्या वेळी ती अधिक लवकर दाबतो. वर्तन वाढले, म्हणजे ते प्रबलन. तरफ दाबल्यामुळे धक्का बसला असता आणि उंदराने दाबणे कमी केले असते, तर ती शिक्षा. 'ऋण' येथे फक्त वजाबाकीचे चिन्ह आहे. मराठीत या शब्दाला कर्जाचाही वास असल्यामुळे काहीतरी वाईट घडले असे उगाच वाटते. पट्टा लावेपर्यंत मोटारीत वाजत राहणारा इशारा हे याचे नेहमीचे उदाहरण.

उत्तर 2: या गोंधळाचे थोडे श्रेय साधक अभिसंधानाची कल्पना मांडणारे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनाही द्यावे लागेल. 1938 च्या 'द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स'मध्ये त्यांनी 'ऋण प्रबलन' हीच संज्ञा आज आपण ज्याला शिक्षा म्हणतो तिच्यासाठी वापरली होती. 1953 पर्यंत त्यांनी आजचा अर्थ स्वीकारला. त्याच जुन्या ग्रंथातला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. तरफ दाबल्यावर मिळणारे अन्न बंद झाल्यावरही ती दाबणाऱ्या काही उंदरांच्या पंजांवर सुरुवातीला फटका बसेल अशी योजना होती. त्यांचे दाबणे तात्पुरते मंदावले. पुढे मात्र फटका न बसलेल्या उंदरांइतक्याच एकूण वेळा त्यांनी तरफ दाबली.

विद्यार्थिनी: मग मूल रडते, वडील ओरडतात आणि मूल गप्प होते, यात ओरडणे ही शिक्षाच ना?

उत्तर 2: मुलाच्या रडण्यापुरती, आणि तेही ते पुढे खरोखर कमी झाले तर. वडिलांच्या बाजूने पाहिले तर ओरडताच कानाला होणारा त्रास थांबला, म्हणजे त्यांच्या ओरडण्याला ऋण प्रबलन मिळाले. मुलावरचा परिणाम चार दिवसांत ओसरला, तरी वडिलांना सुटका लगेच मिळालेली असते. त्यामुळे पुढच्या वेळी ते आणखी लवकर ओरडण्याचीच शक्यता अधिक. परीक्षेत असे उदाहरण आल्यास कोणाच्या वर्तनाविषयी विचारले आहे, हे आधी पाहावे.