आडवा वारा: हँडलवरची काच की चॅसीला जोडलेले फेअरिंग?

कृष्णाकाठचा_स्वार

माझ्याकडे ३५० सीसीची उघड्या दिव्याची साधी गाडी असून तिच्या हँडलला मी अॅक्रिलिकची उंच काच बसवून घेतली आहे. समोरून येणाऱ्या वाऱ्यात या काचेचा चांगला उपयोग होतो आणि दिवसभर गाडी चालवूनही खांदे भरून येत नाहीत. परंतु पावसाळ्यात ठोसेघरहून चाळकेवाडीच्या पठारावर गेलो आणि पवनचक्क्यांच्या रांगांमधून जाताना पश्चिमेचा वारा उजव्या अंगाला लागला, की हँडल हातात थरथरू लागते आणि गाडी रस्त्याच्या डाव्या कडेकडे सरकत जाते. ऑगस्टमध्ये कन्याकुमारीला जाण्याचा बेत आहे आणि तिरुनेलवेलीहून नागरकोविलकडे जाताना मुप्पंदलच्या पट्ट्यात याहून मोठा वारा असतो, असे जाणकार सांगतात. काच काढून टाकावी, की चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) पक्के जोडलेले फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारे पुढचे आवरण, असलेली गाडीच घ्यावी?

तेलपाणी

आपण दोन तक्रारी एकत्र मांडल्या आहेत; त्या वेगळ्या केल्या तर उत्तर सोपे होईल. हँडल थरथरणे ही एक गोष्ट आणि गाडी आडवी सरकणे ही दुसरी. काच किंवा फेअरिंग कशाला जोडले आहे, यावर पहिली गोष्ट बऱ्याच अंशी ठरते. दुसरी मात्र गाडीचा वाऱ्याला मिळणारा बाजूचा पृष्ठभाग, तो किती पुढे व किती उंच आहे आणि सामान कुठे लादले आहे, यांवर ठरते.

काच हँडलला जोडलेली असली की तिच्यावर बसणारा प्रत्येक झोत फोर्कमधून, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या व हँडलबरोबर वळणाऱ्या दांड्यांतून, थेट आपल्या हातांत येतो. वारा एकसारखा वाहत असेल तर याचा फारसा त्रास होत नाही. उलट, काच स्टिअरिंगच्या अक्षाच्या पुढे असल्यामुळे उजवीकडचा वारा हँडल किंचित डावीकडे ढकलतो आणि दुचाकीच्या स्वभावानुसार गाडी उजवीकडे, म्हणजे वाऱ्याच्याच दिशेने, झुकते, जे आपल्याला हवेच असते. अडचण येते ती झोत तुटक असताना. टेकडीची आड संपली, पुन्हा लागली, मध्येच ट्रक गेला, अशा वेळी हा ढकला सतत बदलतो, चालक हँडल घट्ट आवळतो आणि त्याच्या ताठ हातांमुळे थरथर आणखी वाढते.

चॅसीला जोडलेल्या फेअरिंगवरचा जोर चॅसीतच जातो, त्यामुळे हँडल शांत राहते. पण गाडी सरकायची ती सरकतेच, आणि फेअरिंग मोठे असेल तर जास्तच सरकते. शर्यतीच्या गाड्यांवर पूर्वी पुढचे चाकही झाकणारी फेअरिंग असत. सरळ रस्त्यावर त्यांनी वेग मिळत असे, पण आडव्या वाऱ्यात गाडी आवरत नसे. १९५७ च्या हंगामानंतर त्यांच्यावर बंदी आली, त्यामागे हेही एक मोठे कारण होते.

आपल्याकडची जोडणी ओळखायची असेल तर गाडी उभी करून हँडल वळवून पाहावे. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ मध्ये दिवा व काच जागेवरच राहतात, तर त्याच इंजिनाच्या स्क्रॅममध्ये दिवा हँडलबरोबर वळतो.

डेन्व्हरकर

अमेरिकेत हार्ले चालवणाऱ्यांमध्ये हा वाद फार जुना आहे. १९६९ पासून इलेक्ट्रा ग्लाइडवर दिसणारे वटवाघळाच्या पंखांसारखे फेअरिंग फोर्कला जोडलेले असते, तर रोड ग्लाइडचे शार्कच्या नाकासारखे फेअरिंग चॅसीला जोडलेले असते. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गाचा लॅरमी ते रॉलिन्स हा भाग वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे रिकामे, उंच ट्रक उलटू नयेत म्हणून त्यांची वाहतूक अनेकदा बंद ठेवतात. त्या रस्त्यावर मी दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवल्या आहेत. रोड ग्लाइडचे हँडल ट्रकच्या मागच्या गढूळ हवेतही स्थिर राहते आणि संध्याकाळी मनगटे दुखत नाहीत, एवढा फरक निश्चित जाणवतो. मात्र गाडी आपल्या पट्ट्यातून किती बाहेर ढकलली जाते, यात मला फारसे अंतर दिसले नाही. शिवाय शहरात सावकाश वळताना हँडल एकीकडे आणि समोरचे भलेमोठे फेअरिंग सरळच, हे काहींना शेवटपर्यंत विचित्र वाटत राहते.

कृष्णाकाठचा_स्वार

दोघांचेही आभार. म्हणजे नवी गाडी घेऊनही सरकणे थांबणार नाही, असे मी समजतो. मग वेग कमी करून उपयोग होतो का? काही मित्र म्हणतात की वेगात गाडी अधिक स्थिर असते, म्हणून वाऱ्यात वेग कमी करू नये.

तेलपाणी

मित्रांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. चाके वेगात फिरताना गाडी स्वतःला सावरते हे बरोबर, पण वाऱ्याचा आडवा जोर दोन वेगांच्या मिश्रणातून येतो. ताशी ४५ किलोमीटरचा वारा नेमका आडवा असेल आणि आपण ९० ने जात असू, तर गाडीला जाणवणारा वारा सुमारे १०० चा होतो. ६० ने गेलो तर तो ७५ चा होतो. ढोबळ हिशेबाने आडवा जोर त्याच प्रमाणात, म्हणजे पाव हिश्शाने, उतरतो. त्याशिवाय झोत आल्यावर सावरायला वेळही अधिक मिळतो. माझ्या मते मुप्पंदलच्या पट्ट्यात ६० पुरे.

निघण्यापूर्वी कोनसेट, म्हणजे हँडल व फोर्क ज्यावर फिरतात ते बेअरिंग, तपासून घ्यावा. पुढचे चाक उचलून फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवला आणि कट्कन आवाज आला, तर तो ढिला आहे, आणि ढिल्या कोनसेटवर कोणतीही काच थरथरणारच. मागचा टॉप बॉक्स काढून वजन दोन्ही बाजूंच्या खालच्या बॅगांत विभागावे, कारण उंच आणि मागे लादलेले सामान पुढच्या चाकावरचा भार कमी करते. काच पूर्ण काढण्याची गरज नाही. तिच्या जागी हनुवटीपेक्षा खाली राहणारी आखूड काच बसवली तरी पुरते.

पालघाटमार्गे

दोनच गोष्टी जोडतो. उजवा वारा असताना उजव्या हँडलला पुढच्या दिशेने हलका दाब देऊन ठेवावा, गुडघे टाकीला लावावेत आणि कोपर सैल ठेवावेत. दुसरे म्हणजे, परतताना तोच वारा डावीकडून येईल. तेव्हा उजवीकडून ट्रकला मागे टाकताना आपण त्याच्या आडोशाला असतो आणि केबिनच्या पुढे निघताक्षणी झोत आपल्याला दुभाजकाकडे फेकतो; म्हणून ओलांडताना दुभाजकापासून अंतर राखावे आणि केबिनशी येण्याआधीच डाव्या हँडलवर दाब द्यायला सज्ज असावे.

कृष्णाकाठचा_स्वार

आज गॅरेजमध्ये कोनसेट पाहून घेतला. आवाज येत होता, बदलायला सांगितला आहे. आखूड काच बसवून पुढच्या रविवारी पुन्हा चाळकेवाडीला जातो आणि थरथर किती उतरली ते इथेच लिहितो.