मदत हवी आहे: विंगेगोर भारी पडला की पोगाचार गळाला? (टूर द फ्रान्स 2023)

नमस्कार मंडळी,

माझा आणि दादाचा एक वाद काही केल्या मिटत नाहीये. सायकलिंग नियमित बघणाऱ्यांनी जरा मदत करा.

2023च्या टूरमध्ये (तीन आठवडे, 21 टप्प्यांची सायकल शर्यत) पंधरा टप्पे संपले तेव्हा योनास विंगेगोर तादेय पोगाचारच्या फक्त 10 सेकंद पुढे होता. मग विश्रांतीचा दिवस झाला आणि 18 जुलैला पासी ते काँब्लू अशी 22.4 किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी लावलेली शर्यत. विंगेगोरने ती 32 मिनिटं 36 सेकंदांत संपवली, पोगाचार 1 मिनिट 38 सेकंद मागे. दुसऱ्याच दिवशी कोल द ला लोझच्या घाटात पोगाचारची आणखी पावणेसहा मिनिटं गेली. पॅरिसला पोचेपर्यंत शेवटचं अंतर 7 मिनिटं 29 सेकंद.

दादा म्हणतो, एप्रिलमध्ये लिएजच्या शर्यतीत पोगाचारचं मनगट मोडलं, धड सराव झाला नाही, तिसऱ्या आठवड्यात तो बसणारच होता. विंगेगोरने वेगळं काही केलं नाही. मला हे अजिबात पटत नाही. ती टाइम ट्रायल मी सबंध पाहिली आहे, तो माणूस एकेक वळण असं घेत होता की माझेच श्वास अडकत होते. पण "मला तसं वाटलं" याला दादा पुरावा मानत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे.

तर प्रश्न असा: वॉटचे आकडे (पायडलवर किती जोर लागला ते) हातात नसताना, नुसत्या निकालावरून एक जण चढा होता की दुसरा पडला हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद 1

दोघांकडे बघत बसू नका, तिसऱ्याकडे बघा. त्या दिवशी तिसरा होता वाउट व्हान आर्ट, विंगेगोरपासून 2 मिनिटं 51 सेकंद मागे. म्हणजे पोगाचारने व्हान आर्टला 1 मिनिट 13 सेकंदांनी मागे टाकलं होतं. व्हान आर्ट टाइम ट्रायलमधला पट्टीचा गडी. त्याला एवढ्या फरकाने हरवणारा माणूस त्या दिवशी बसलेला होता असं कसं म्हणणार? विंगेगोर नसता तर पोगाचारच्या त्याच राइडचं आपण तोंडभर कौतुक केलं असतं. त्या दिवसापुरते तुम्ही बरोबर आहात.

प्रतिसाद 2

वरच्याशी सहमत, पण सायकल बदलण्याचा मुद्दा राहिला. टाइम ट्रायलच्या वाटेतल्या दोमान्सीच्या चढाआधी पोगाचारने टाइम ट्रायलची (वारा कापणारी, पण जड) सायकल सोडून साधी रोड बाइक घेतली. विंगेगोर त्याच सायकलवर राहिला. चढ अडीच किलोमीटरचा आणि अंगावर येणारा, त्यामुळे हलकी सायकल घेण्यामागचा विचार समजतो. पण थांबायचं, उतरायचं, दुसरीवर टांग टाकायची आणि पुन्हा लय पकडायची, यात सेकंद जातात. मात्र सगळा दोष सायकलीवर टाकू नका. बदलण्याआधीच तो जवळजवळ अर्धा मिनिट मागे होता.

प्रतिसाद 3

लोझच्या बाबतीत तुमच्या दादांचं ऐका. तिथेही हाच ताळा लावून बघा, फक्त सकाळपासून पुढे निसटलेल्यांशी तुलना नको. टप्पा जिंकणारा फेलिक्स गाल त्यातलाच होता. त्यापेक्षा अ‍ॅडम येट्स घ्या. संघ पोगाचारचाच, रस्ता तोच, मुख्य गटातूनच आला आणि कप्तानाच्या पुढे पोचला. पोगाचार पांढऱ्या (सर्वोत्तम तरुण स्वाराच्या) जर्सीत, चेहरा उतरलेला, सोबतीला संघातला मार्क सोलेर, आणि घाट अजून शिल्लक. टप्प्याच्या सुरुवातीला तो पडलाही होता. हा दिवस त्याच्या गळण्याचाच.

फक्त एक लक्षात ठेवा. तीनच दिवसांनी ल मार्कस्टाइनचा टप्पा त्याने विंगेगोरलाच मागे टाकून जिंकला. सराव कमी पडल्याने माणूस संपला होता म्हणावं, तर हे कुठे बसवायचं?

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्याकडे बघायचं हे मला सुचलंच नव्हतं. रात्री दादाला व्हान आर्टचा आकडा दाखवला. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "टाइम ट्रायल तुझी, लोझ माझा." मला हे मान्य आहे. 10 सेकंदांचे 1 मिनिट 48 सेकंद विंगेगोरने स्वतःच्या पायांनी केले, पुढची मिनिटं मात्र पोगाचारच्या हातून गेली.

आता आमचं सायकल बदलण्यावरून सुरू झालंय. दोमान्सीचा चढ संपल्यावरही काँब्लूपर्यंत रस्ता चढताच होता, मग रोड बाइकचा काहीच फायदा झाला नसेल का? कुणी स्वतः दोन्ही सायकलींवर घाट चढला असेल तर कृपया अनुभव लिहा.